भीती खरी, पत्ता चुकलेला

समुद्रामुळे माणसाच्या आरोग्याला नेमका कशाचा धोका तुम्हाला वाटतो? युरोपातल्या १४ देशांत आणि ऑस्ट्रेलियात मिळून १५ हजारांहून अधिक लोकांना हे विचारण्यात आलं. त्यांच्यासमोर समुद्राशी निगडित १६ वेगवेगळे धोके ठेवले होते. 'सोफी' या युरोपीय प्रकल्पातल्या या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांनी चिंतेच्या क्रमात पहिला नंबर दिला होता तो समुद्रातल्या प्लॅस्टिकला. त्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे शोधण्यासाठी सरकारी पैसा खर्च व्हावा, यालाही भक्कम पाठिंबा होता.

लोकांनी हा कौल दिला तेव्हा प्लॅस्टिकचे कण माणसाच्या शरीरात नक्की काय करतात, याबद्दल शास्त्रज्ञांच्या हाती फारसं काही नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोप्लॅस्टिकवर अहवाल काढला. त्याचा मथितार्थ असा होता : उपलब्ध माहितीवरून मोठा धोका दिसत नाही, पण ही माहितीच अपुरी आहे. म्हणजे सामान्य माणूस शास्त्राच्या पुढे धावत होता. काही तज्ज्ञांना यात अडाणीपणा दिसला. मला तसं वाटत नाही. समुद्रात टाकलेलं विष माशातून ताटात येतं, हे विसाव्या शतकाने एकदा फार क्रूरपणे दाखवून दिलेलं आहे. जपानच्या मिनामाता गावात रासायनिक कारखान्याने खाडीत सोडलेला पारा माशांत साठला आणि तेच मासे रोज खाणाऱ्या कोळ्यांच्या कुटुंबांत हातपाय वाकडे झाले, वाचा गेली, जन्मतःच अपंग मुलं झाली. या आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. कारण कारखान्याचा पारा हेच आहे, हे सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. मधली १२ वर्षं लोक तेच मासे खात होते. शास्त्राचा शेवटचा शब्द येईपर्यंत थांबणं किती महाग पडतं, हे ज्याला ठाऊक आहे तो पुराव्याआधी घाबरला, तर त्याला वेडा म्हणता येत नाही.

तेव्हा भीती खरी आहे, हे आधीच मान्य करून टाकू. तिने पत्ता मात्र चुकीचा धरला आहे. तो कसा चुकला, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

समुद्रातलं प्लॅस्टिक शास्त्रज्ञांना दिसलं ते बरंच आधी. १९७२ मध्ये एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ या संशोधकांनी सरगॅसो समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या कणांबद्दल 'सायन्स'मध्ये लिहिलं. जगाने ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. १९९७ मध्ये चार्ल्स मूर हा अमेरिकी खलाशी उत्तर पॅसिफिकमधून परतताना दिवसेंदिवस प्लॅस्टिकच्या तुकड्यांतून जात राहिला. त्याच्या वर्णनातून वर्तमानपत्रांनी 'कचऱ्याचं बेट' तयार केलं. प्रत्यक्षात तिथे उभं राहता येईल असं कुठलंही बेट नाही, पातळ पसरलेले तुकडे आहेत. पण बेटाचं चित्र डोळ्यांसमोर येतं, तुकड्यांचं येत नाही. २००४ मध्ये प्लिमथचे रिचर्ड थॉम्पसन यांनी या बारीक तुकड्यांना 'मायक्रोप्लॅस्टिक' म्हटलं आणि ते नाव रूढ झालं. तरीही सामान्य घरातल्या जेवणाच्या टेबलावर हा विषय आला तो २०१५ नंतर. त्या वर्षी कोस्टारिकाजवळ एका समुद्री कासवाच्या नाकपुडीतून प्लॅस्टिकची नळी ओढून काढतानाची चित्रफीत जगभर फिरली. कासव विव्हळतंय, नाकातून रक्त येतंय, आणि चिमट्याला धरून ती नळी थोडी थोडी बाहेर येतेय. पाहणं कठीण होतं, तरी कोट्यवधींनी पाहिलं. पुढे २०१७ मध्ये डेव्हिड ॲटनबरोंच्या आवाजातली बीबीसीची 'ब्लू प्लॅनेट २' मालिका आली.

लोकांचं मन या चित्रांनी घडवलं, आणि चांगलं घडवलं. नळ्या गेल्या, सौंदर्यप्रसाधनांतले प्लॅस्टिकचे मणी अमेरिकेने आणि ब्रिटनने कायद्याने काढून टाकले. पण चित्र पाहून हळहळणं आणि दुकानात उभं राहून वेगळी वस्तू उचलणं यांत अंतर असतं. 'ब्लू प्लॅनेट २'च्या परिणामाचा प्रयोग करून अभ्यास झाला तेव्हा प्रेक्षकांचं ज्ञान वाढलेलं दिसलं, पण त्यांनी प्लॅस्टिकची बाटली नाकारण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. याउलट आयर्लंडने २००२ मध्ये दुकानातल्या पिशवीवर फक्त १५ सेंटचा कर लावला आणि माणशी वर्षाला ३२८ पिशव्यांचा वापर २१ वर आला. तिथे कुणाला कासव दाखवावं लागलं नाही. मनपरिवर्तनाची वाट पाहण्यापेक्षा नियम बदलणं किती जलद काम करतं, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

आता आरोग्याकडे येऊ. लोकांच्या मनातली साखळी सोपी आहे : आपण फेकलेली पिशवी समुद्रात गेली, तिचे तुकडे झाले, ते माशाने खाल्ले, मासा आपण खाल्ला. या साखळीतली प्रत्येक कडी खरी आहे. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना गोव्यातल्या साळ नदीच्या खाडीत पाण्यात, गाळात, शिंपल्यांत आणि माशांतही असे कण सापडले आहेत. पण या वाटेने आपल्या पोटात किती जातं?

स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या प्रश्नाला थेट भिडतो. त्यांनी समुद्रातून आणलेले शिंपले तपासले, कारण शिंपला पाणी गाळून खातो आणि आपण तो आतड्यासकट खातो. समुद्रातलं प्लॅस्टिक थेट ताटात येण्याची याहून सरळ वाट नाही. मग त्यांनी आणखी एक साधी गोष्ट केली. लोकांच्या घरी, जेवणाच्या वेळी, ताटाशेजारी चिकट पट्टी लावलेल्या उघड्या काचेच्या बशा ठेवल्या. जेवण संपलं की त्या झाकून प्रयोगशाळेत नेल्या. त्या बशांवर पडदे, सोफे, गालिचे, अंगावरचे कपडे यांतून सुटलेले कृत्रिम धागे साचले होते. हिशेब असा निघाला : ब्रिटनमधला माणूस शिंपल्यांतून वर्षाला सुमारे १२३ कण गिळतो. आणि जेवताना ताटावर पडणाऱ्या धुळीतून? १३ हजारांपासून ६८ हजारांपर्यंत.

शिंपल्याला घाबरलेल्या माणसाच्या ताटात खरा पाऊस छतापासून जमिनीपर्यंतच्या हवेतून पडत होता. पॉलिस्टरचे कपडे, नायलॉनचे पडदे, सिंथेटिक रग, मऊ खेळणी यांनी भरलेली बंद खोली ही प्लॅस्टिकशी आपल्या भेटीची मोठी जागा आहे. आपण दिवसातले बहुतेक तास चार भिंतींच्या आत असतो, आणि जेवणापेक्षा श्वास कितीतरी जास्त वेळा घेतो.

मासे खाणाऱ्यांसाठी इथे एक नेमकी गोष्ट सांगायला हवी. माशाच्या शरीरातले कण मुख्यतः त्याच्या आतड्यात असतात. पापलेट, सुरमई, हलवा यांचं पोट काढूनच आपण शिजवतो, म्हणजे त्यातला मोठा वाटा कोळणीच्या कोयत्याखालीच निघून जातो. जवळा, सुकट, तिसऱ्या आपण अख्ख्या खातो, तिथे प्रमाण जास्त असणार. तरी तिसऱ्यांचं एकशिपी कालवण सोडण्याइतका पुरावा आज कुणाकडेही नाही, आणि माशातली प्रथिनं, ओमेगा-३ यांचा फायदा मात्र पक्का सिद्ध झालेला आहे.

कण शरीरात शिरतात, हे आता शंकेपलीकडे गेलं आहे. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी २२ रक्तदात्यांचं रक्त तपासलं. १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक सापडलं. त्याआधी इटलीत सहा बाळंतिणींच्या वारांपैकी चार वारांत कण दिसले होते. मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इटलीतलाच एक अभ्यास आला आणि डॉक्टर मंडळी सावरून बसली. मानेतल्या रक्तवाहिनीत साठलेली चरबीची पुटं शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा सुमारे तीन वर्षं मागोवा घेतला गेला. त्यातल्या १५० जणांच्या पुटांत पॉलिथिलीन सापडलं. ज्यांच्या पुटांत प्लॅस्टिक होतं, त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचं प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे साडेचारपट आढळलं. हा संबंध आहे, कारण असल्याचा पुरावा नव्हे. अभ्यास करणाऱ्यांनीच तसं स्पष्ट म्हटलं आहे. ज्यांच्या अंगात प्लॅस्टिक जास्त, त्यांच्या आयुष्यात धूर, प्रदूषण, निकृष्ट अन्न यांपैकी आणखी काही जास्त असू शकतं. तरीही हा इशारा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

याच काळात एक आकडा घराघरांत पोचला : माणूस दर आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं, म्हणजे पाच ग्रॅम प्लॅस्टिक खातो. २०१९ मध्ये एका मोठ्या निसर्गसंस्थेने तो प्रसिद्ध केला आणि व्हॉट्सॲपवर तो अजून फिरतो. नंतर इतर शास्त्रज्ञांनी तीच आकडेमोड पुन्हा केली तेव्हा खरं वजन त्याच्या हजारो पटींनी कमी निघालं. असे आकडे लोकांना जागं करतात, हे मला मान्य आहे. पण फुगवलेला आकडा उघडा पडला की त्याबरोबर खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो, आणि मग प्लॅस्टिक विकणाऱ्यांना 'बघा, सगळी अतिशयोक्ती आहे' म्हणायला रान मोकळं मिळतं. चांगल्या हेतूने केलेलं नुकसान हेही नुकसानच असतं.

जे पक्कं माहीत आहे, त्याकडे मात्र फार कमी लोकांचं लक्ष आहे. प्लॅस्टिक मऊ, पारदर्शक, रंगीत किंवा न पेटणारं व्हावं म्हणून त्यात रसायनं मिसळतात. बिस्फेनॉल-ए, थॅलेट वर्गातली रसायनं, ज्वालारोधक. यातली काही आपल्या शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, याचे पुरावे दशकांपासून साठत आले आहेत. युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए हद्दपार केलं. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची रोज चालणारी सुरक्षित मात्रा आधीपेक्षा २० हजार पटींनी कमी केली. ही रसायनं आपल्यापर्यंत येतात ती गरम वरण-भाताच्या डब्यातून, मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेल्या भांड्यातून, टपरीवरच्या उकळत्या चहाच्या पिशवीतून. समुद्राला वळसा घालून यायची त्यांना गरजच नसते. बाटलीबंद पाण्याचंही तसंच. अमेरिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत लिटरमागे सरासरी दोन लाख ४० हजार कण मोजले गेले, आणि त्यातले बहुतेक नॅनो आकाराचे होते. 'शुद्ध' म्हणून आपण पैसे मोजतो त्या पाण्याची ही गोष्ट.

आता आपल्या किनाऱ्यावर या. वर्सोवा, सातपाटी, उत्तनचे कोळी डोल लावतात. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहाला तोंड करून रोवलेलं, मागे निमुळतं होत जाणारं पिशवीसारखं जाळं. प्रवाहाबरोबर जे येईल ते त्यात जातं : बोंबील, मांदेली, जवळा आणि मुंबईचा कचरा. जाळं होडीत रिकामं केलं की आधी हात कचऱ्यात जातात. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूची पाकिटं, थर्माकोल, चपला, आणि दुधाच्या पिशवीचे कापून टाकलेले ते तिकोनी तुकडे. आपण रोज सकाळी ओट्यावर कापतो आणि विसरतो तेच. त्यातून जवळा निवडणं म्हणजे डोळे फोडणं. मासळीच्या वजनात प्लॅस्टिक, डिझेल तेवढंच, वेळ दुप्पट.

प्लॅस्टिकची भीती पसरली की तिची किंमतही हेच लोक मोजतात. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' हे मालवाहू जहाज पेटलं आणि पुढे बुडालं. सुमारे १,६८० टन प्लॅस्टिकच्या गोळ्या समुद्रात सांडल्या आणि श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्फ पडल्यासारखे ढीग झाले. मासेमारी बंद करावी लागली, आणि लोकांनी मासे घेणंही थांबवलं. मे २०२५ मध्ये केरळजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं तेव्हा तेच पुन्हा घडलं. जहाज कुणाचं, माल कुणाचा, विमा कुणाचा. उपाशी राहिला तो कोळी.

लोकभावना योग्य ठिकाणी लागली तर काय होतं, याचीही उदाहरणं आपल्याकडे आहेत. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी वर्सोव्याचा किनारा साफ करायला सुरुवात केली. कोळीवाडा, झोपडपट्टी, सोसायट्या, शाळांतली मुलं सगळे हळूहळू जोडले गेले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. केरळात कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरात २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लॅस्टिक समुद्रात परत न टाकता किनाऱ्यावर आणू लागले आणि त्याचा भुगा रस्त्यांच्या डांबरात गेला. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, जून अखेरीस ती अमलात आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड. लोकांनी कुरकुर केली, पण विरोध विरघळला. त्यामागे २६ जुलै २००५च्या महापुराची आठवण होती. पिशव्यांनी तुंबलेली गटारं आणि मिठी नदीचं पाणी मुंबईकरांनी स्वतःच्या घरात शिरताना पाहिलं होतं. पुढे अंमलबजावणी ढिली पडली आणि पिशव्या भाजीवाल्याच्या गोणीखाली परत आल्या, हेही तितकंच खरं.

मात्र आपल्या देशात प्लॅस्टिक आणि आरोग्य यांचा सगळ्यात सरळ संबंध समुद्रात नाहीच. तो गल्लीच्या टोकाला आहे. २०२४ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये जगभरातल्या बेवारस प्लॅस्टिकचा हिशेब मांडला. जगात वर्षाला सुमारे पाच कोटी २० लाख टन प्लॅस्टिक कचरा व्यवस्थेबाहेर निसटतं, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा भारताचा, ९३ लाख टन. वर्तमानपत्रांनी हा आकडा छापला आणि लोकांच्या डोळ्यांसमोर पुन्हा समुद्र आला. पण त्या ९३ लाख टनांपैकी ५८ लाख टन उघड्यावर जाळलं जातं. समुद्राकडे जाण्याआधीच ते धूर होऊन कुणाच्या तरी फुप्फुसात गेलेलं असतं.

पीव्हीसी जळताना डायॉक्सिन तयार होतात. रंग आणि मिश्रकांतले जड धातू राखेत आणि धुरात उतरतात. काजळीचे अतिसूक्ष्म कण खोल श्वासात जातात. या धुराने दमा, हृदयविकार, कर्करोग होतात, हे ठरवायला नव्या शास्त्राची वाट पाहायची नाही. ते ठरलेलं आहे. जानेवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईत देवनारचा कचऱ्याचा डोंगर पेटला तेव्हा तो धूर नासाच्या उपग्रहाने टिपला आणि पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ती मोठी आग म्हणून बातमी झाली. रोजच्या लहान आगींची बातमी होत नाही : थंडीत शेकोटीत टाकलेल्या पिशव्या, चूल पेटावी म्हणून घातलेला प्लॅस्टिकचा तुकडा, झाडलोट करून कोपऱ्यात लावलेली काडी, तांब्यासाठी जाळलेल्या विजेच्या तारा. ज्या घरातली बाई मायक्रोप्लॅस्टिकचा लेख वाचून सुरमई नको म्हणते, त्याच घराच्या खिडकीतून हा धूर आत येत असतो आणि तिला त्यात प्लॅस्टिक दिसत नाही. दोष तिचा नाही. तिला दाखवलेली सगळी चित्रं निळ्या पाण्याची होती.

या चुकलेल्या पत्त्याचा फायदा घेणारेही आहेत. प्रश्न समुद्रातल्या कचऱ्याचा आहे असं ठरलं की उत्तर किनारा सफाई, पुनर्वापर आणि ग्राहकाची सवय यांत येऊन थांबतं. कारखान्यातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या ४० कोटी टनांहून अधिक नव्या प्लॅस्टिककडे बोट जात नाही. १९५० मध्ये हे उत्पादन २० लाख टन होतं. आजवर तयार झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम नऊ टक्के पुन्हा वापरात आला. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत जगातल्या देशांनी बंधनकारक करार करायचं ठरवलं. बुसानला २०२४ च्या शेवटी आणि जिनिव्हाला ऑगस्ट २०२५ मध्ये चर्चा झाली आणि दोन्ही वेळा करार झाला नाही. शंभरहून अधिक देशांना उत्पादनावर मर्यादा आणि घातक रसायनांवर बंधन हवं होतं. तेल उत्पादक देशांना फक्त कचऱ्याच्या व्यवस्थापनाबद्दल बोलायचं होतं. भारतानेही उत्पादनावर मर्यादा नको अशीच भूमिका घेतली. ती मला चुकीची वाटते. विकसनशील देशाला स्वस्त वस्तू हव्यात हे मान्य, पण त्या वस्तूंची राख याच देशाच्या मुलांच्या छातीत जाते, हा खर्च त्या हिशेबात धरलेला नाही.

समुद्राची काळजी सोडा असं मला मुळीच म्हणायचं नाही. किनारा साफ करायला जरूर जा, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, घरी पाणी काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात भरा, गरम अन्न प्लॅस्टिकमध्ये घेऊ नका, खोलीची धूळ कोरड्या झाडूने उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. मासे निर्धास्त खा आणि कोळणीशी भाव करताना तिच्या जाळ्यात आपलाच कचरा येतो एवढं लक्षात ठेवा.

आणि एक काम आजच करता येण्यासारखं आहे. घनकचरा नियमांनुसार कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये अशा जाळण्याला पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५ हजार रुपये दंड ठरवला. तुमच्या सोसायटीच्या मागे, गावाच्या वेशीवर, बाजार उठल्यानंतरच्या मैदानात प्लॅस्टिक पेटवलेलं दिसलं, तर फोटो काढा, वॉर्ड कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि दोन घरं शेजाऱ्यांची सोबत घेऊन पुन्हा विचारायला जा.